घोडीच्या तोंडाला कोणती कडी

आमची म्हैस आटली की शेजारच्या वस्तीवरून दुधाचा रतीब लावावा लागतो. रतीबवाला माप ओततो आणि मी भांडं उजेडाकडं धरते. एक थेंब नखावर घेऊन तो घरंगळतो की थांबतो ते बघते. तो बिचारा मान खाली घालून उभा असतो. आमचे हे म्हणतात, "एक दिवस तोच तुला विचारील, वहिनी, तुमच्या नखाला पाणी लागलंय का म्हणून."

संशय हा माझा स्वभाव आहे आणि तो माहेरचा आहे. माझे वडील धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीकडचे. घोडी पाळायची, चालीला लावायची आणि विकायची हा त्यांचा शेतीजोडीचा धंदा. त्यांचं म्हणणं असं, की घोड्याचं तोंड उघडून बघावं आणि विकणाऱ्याचं तोंड बंद असताना बघावं. बोलताना माणूस कसाही दिसतो, गप्प बसला की खरा दिसतो. हे ऐकत मी वाढले. त्यामुळं लग्न करून बेंबळीच्या बाजूला आले तेव्हा पहिलं काम केलं ते सगळ्यांना गप्प असताना बघण्याचं.

घर लहान होतं. सासूबाई माझ्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेल्या. हे धाराशिवला कचेरीत नोकरीला, सकाळच्या बसनं जायचे ते दिवस मावळताना यायचे. मग दिवसभर घरात मी आणि सासरे. आमच्याकडं सुना सासऱ्यांना मामा म्हणतात. मामा फारसं बोलत नसत. ते सारखे गप्पच, म्हणून वडिलांच्या हिशेबानं सारखे खरेच दिसायचे, आणि याचाही मला संशय यायचा.

आमच्या घराकडं गावच्या खंडोबापुढं घोडा चालवण्याचा मान आहे. चंपाषष्ठीला पालखी निघते, तिच्यापुढं आमचा घोडा. जुना घोडा म्हातारा होऊन गेला आणि मामांनी एक शिंगरू आणलं. कुमैत, म्हणजे काळसर तांबूस रंगाची मादी, कपाळावर पांढरा टिकला, कान आत वळलेले. तिला पहिली मोरकी, म्हणजे तोंडावरून बांधायची दोरी, मी घातली. गावात कुजबुज झाली, की बाईमाणसानं मानाच्या घोडीला हात कशाला लावायचा. मामा एवढंच म्हणाले, "वाशीची हाय ती. तिला कळतंय."

त्या एका वाक्यावर मी त्या घरात रुळले. नव्या गावातली सगळी भाषा मला परकी वाटत होती, घोडीची तेवढी ओळखीची होती. खरारा करताना ती कुठं अंग चोरते, कान कधी मागं टाकते, पाणी पिताना मधेच मान वर का करते, हे मला सांगावं लागत नव्हतं. ती मोठी झाली आणि माझा दिवस तिच्याभोवती फिरायला लागला. ती माझी होती असं म्हणायला मला आजही लाज वाटत नाही.

हिवाळ्यात आमच्या भागात घोड्यांची प्रदर्शनं भरतात. कुठं जत्रेत, कुठं शेतीच्या प्रदर्शनाला जोडून. उंची बघतात, कान बघतात, अंगावरचे भोवरे तपासतात आणि शेवटी चाल बघतात. रेवाल चाल म्हणजे स्वाराच्या हातात काठोकाठ भरलेला पेला दिला तरी पाणी सांडू नये अशी चाल. आमची घोडी वस्तीवरच्या गाडीवाटेनं अशी चालायची, की हे पेला घेऊन बसत आणि परत आल्यावर त्यातलंच पाणी पीत. हे लहानपणापासून घोड्यावर बसलेले. कचेरीत दिवसभर मान मोडून काम करणारा हा माणूस घोडीवर बसला की ताठ व्हायचा. मला ते बघायला आवडायचं, पण मी तसं कधी बोलले नाही. उगीच डोक्यावर बसतील.

पण ही झाली घरची घोडी. मैदानात गेली की तीच घोडी ओळखू यायची नाही. मोरकी काढून लगाम चढवला की लगेच सुरू. मान झटकायची, दात खायची, तोंडाला फेस आणायची. हे बसले की मागं मागं सरायची आणि लगाम ओढला की मागच्या पायांवर उभी राहायची. घरी गाय आणि मैदानात आग.

सगळे म्हणाले, कडीचा दोष. लगामाचं जे लोखंड घोड्याच्या तोंडात जातं, त्याला कडी म्हणायचं. आमच्याकडं दोन जुन्या कड्या होत्या. एक सरळ, अखंड दांडीची, बोटाएवढी जाड. दुसरी मधे सांधा असलेली, दोन तुकडे एकमेकांत अडकवलेले. पहिल्या प्रदर्शनाला सरळ कडी घातली. घोडीनं ती दातात धरली आणि यांचे हात निकामी केले. मी म्हटलं, जिभेला जागा मिळत नसेल. पुढच्या वेळी सांध्याची घातली. तीच तऱ्हा. सांधा टाळूला टोचतो असं कुणी म्हणालं. मग यांनी बाजारातून पिळाच्या तारेची बारीक कडी आणली. बारीक कडी म्हणजे कडक कडी, हे मला वडिलांनी शिकवलं होतं. सुतळीनं हात कापतो, दोरखंडानं कापत नाही. मी नको म्हटलं. हे म्हणाले, "विकणाऱ्यानं सांगितलंय, तापट घोड्याला हीच."

"त्यानं आणखी काय काय विकलं तेही सांगा," मी म्हटलं.

घरी मात्र मी तिन्ही कड्या तिच्या तोंडात घालून बघितल्या. ओठाच्या कोपऱ्याला जेमतेम सुरकुती पडेल एवढाच पट्टा आवळला. बाजूच्या गोल कड्या गालाला घासत नाहीत ना, ते बघितलं. तिन्ही कड्या ती मुकाट्यानं घ्यायची. तारेची कडी तेवढी तिला आवडली नाही, पण मान झटकली नाही. मग घोडं नेमकं कुठं पेंड खातंय, ते कळेना.

एक म्हणणं असं होतं, की ती गर्दीला बुजते. हलगी, कर्णा, मंडपातला लाऊडस्पीकर. मला पटलं नाही. चंपाषष्ठीच्या पालखीत याच्या दसपट गोंगाट असतो. कानाशी हलगी वाजते, माणसं अंगावर पडतात, ही शांत चालते. त्या दिवशी तिच्यावर कुणी बसत नाही आणि तोंडात लोखंडही घालत नाहीत. ती त्या दिवशी देवाचं वाहन, म्हणून नुसत्या मोरकीवर मामा तिला धरून नेतात. मैदानातल्या गर्दीत मात्र तिला काहीतरी होत होतं. काहीतरी म्हणजे कुणीतरी, अशी माझी समजूत झाली.

मी नजर ठेवायला लागले. सोलापूरकडचा एक वरातीवाला प्रत्येक प्रदर्शनाला यायचा. लग्नाच्या वरातीत नाचणाऱ्या घोड्या पुरवण्याचा त्याचा धंदा. गोड बोलायचा. आमच्या घोडीपाशी आला की तिच्या मानेवर हात ठेवायचा आणि खिशातून गुळाचा खडा काढायचा. मी तो खडा तिच्या तोंडाशी जाण्याआधी हातात घेतला, वास घेतला, जिभेला लावला. गूळच होता. तरी मी तो पदरात बांधला आणि घरी येऊन कोंबडीपुढं टाकला. कोंबडीनं खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी अंडं दिलं. तेव्हा मला वाटलं, याच्याकडं दोन प्रकारचे गूळ असणार.

त्याच्याबद्दल काही निघेना, मग मी घराकडं वळले. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते उगीच नाही. यांना घोडी ठेवायची आहे का, हाच मला प्रश्न पडला होता. चारा, खरारा, नाल, डॉक्टर, सगळ्याला हे कुरकुर करायचे. प्रदर्शनाच्या दिवशी पाण्याची बादली हेच आणायचे आणि अधूनमधून गर्दीत गायब व्हायचे. एकदा मी तोंडावर पदर घेऊन त्यांच्या मागं गेले. गृहस्थ गाडीवर भजी खात उभे होते. मला बघून दचकले आणि म्हणाले, "तुला डॉक्टरनं तेल बंद केलंय म्हणून लपून खात होतो." मला खूप हसू आलं, पण चेहरा तसाच ठेवला. बादलीचं पाणी त्यानंतरही आधी मी स्वतः पिऊन बघायची.

तेर गावच्या प्रदर्शनात तारेची कडी घातली. कडी तोंडात गेली आणि घोडीचे डोळे पांढरे झाले. हे बसले, लगाम हलकाच धरला, तरी ती मागं सरत सरत परीक्षकांच्या टेबलापर्यंत गेली आणि मागच्या पायांवर उभी राहिली. हे खाली. टेबल उलटलं, चहाचे पेले फुटले, लोक हसले. यांचं मनगट सुजलं. त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी मोबाइलवर ते सगळं काढलं आणि यांच्या आधी ते यांच्या कचेरीत पोचलं.

त्या आठवड्यात हे जेवताना म्हणाले, "वाशीचं प्रदर्शन शेवटचं. तिथं नीट चालली तर राहील. नाहीतर वरातीवाल्याला देऊन टाकू. पालखीला मोरकीवर चालणारा कुठलाही तट्टू मिळेल."

मामा जेवत होते. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो ताटातच ठेवला. घर आता यांच्या पगारावर चालतं आणि मामा त्या गोष्टीचा मान राखतात. मी बोलले असते तर रडले असते.

वरातीवाल्याला वास लागलाच. तो घरी आला. ओट्यावर बसून त्यानं पिशवीतून एक कडी काढून मला दाखवली. दांडीला आतल्या बाजूनं बोथट काटे होते, मक्याच्या कणसासारखे ओळीनं.

"वैनी, घाबरायचं काम न्हाय. हे घातलं की वाघ बी शेळी हुतो," तो म्हणाला.

"आणि तोंडाचं?"

"तोंडाला काय हुतंय. चार दिस रगात येतंय, मग घट्टं पडतंय. घट्टं पडलं की तिला बी तरास न्हाय, आपल्याला बी न्हाय."

मी ती कडी हातात घेतली आणि मुठीत दाबली. काट्यांचे ठसे तळहातावर उठले. ते बघत मी त्याला चहा विचारला नाही. आमच्याकडं दारात आलेल्याला चहा न विचारणं म्हणजे काय, ते त्याला कळलं. तो उठला आणि जाताना मामांना म्हणाला, "काका, वाशीला येतोच म्या." मामांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

तेरहून आणलेला लगाम खुंटीला तसाच पडून होता. एका दुपारी मी तो धुवायला घेतला. कड्या मी चिंचेनं घासते, पण त्याआधी पिळात आणि सांध्यात अडकलेली घाण बाभळीच्या काट्यानं कोरून काढते. तारेच्या पिळात काहीतरी पिवळं घट्ट बसलं होतं. काट्यानं निघेना, म्हणून बोट ओलं करून चोळलं. सकाळी विळीवर कांदा चिरताना त्याच बोटाला कापलं होतं. ते पिवळं त्या चिरेत गेलं आणि अशी आग झाली, की कडी हातातून पडली.

चिंच अजून लावलीच नव्हती. मी बोट धुतलं, फुंकर घातली. कापलेल्या जागेच्या कडा लाल झाल्या होत्या. बाकीच्या दोन कड्या काढल्या. सांध्याच्या कडीत, घासूनही खोल राहिलेलं, तेच पिवळं. सरळ कडीच्या दोन्ही टोकांना, जिथं दांडी बाजूच्या गोल कडीला मिळते, तिथंही तेच.

मी घोडीकडं गेले. ओठाचा कोपरा वर करून बघितला. तिथं चीर होती. ती चीर मी आधीही बघितली होती, दर वेळी कडीला दोष दिला होता आणि दर वेळी कडी बदलली होती. या वेळी चिरेच्या आत बघितलं. आत पिवळा डाग होता.

ते पिवळं काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या घरची पद्धत आहे. घोडा मिरवायला नेला, की लगाम चढवण्याआधी घरातला थोरला माणूस कमरेची पिशवी सोडतो. चिमटभर भंडारा घोड्याच्या कपाळाला. चिमटभर कडीला, चांगला चोळून. आणि उरलेला स्वतःच्या जिभेवर. देवाचं नाव आधी तोंडात जावं आणि लोखंड नंतर, असा त्याचा अर्थ. मामा ते दर वेळी करत. डोळे मिटून, सावकाश, कडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

सासूबाई होत्या तोवर घरची हळकुंडं जात्यावर दळून भंडारा व्हायचा. त्या गेल्यावर जत्रेतल्या दुकानातली पाकिटं यायला लागली. त्यात काय काय कालवतात ते देवालाच माहीत. मामा एकदा जीभ टाळूला लावत म्हणालेही होते, "आजकालचा भंडारा लई कडू लागतोय." पुढं म्हणाले, "कडू लागला म्हंजे देव जागा हाय."

घरी सरावाला भंडारा नाही. पालखीला भंडारा आहे, पण तोंडात कडी नाही. मैदानात दोन्ही. काखेत कळसा आणि मी गावभर वळसा घालत होते, कोंबडीला गूळ चारत होते, नवऱ्याच्या मागं भज्याच्या गाडीपर्यंत जात होते.

तरी माझा माझ्यावर विश्वास बसेना. मामा शेताकडं गेल्यावर मी देवळीतल्या पाकिटातला भंडारा चिमटभर घेतला, सांध्याची धुतलेली कडी त्यानं चोळली आणि घोडीला घातली. तिनं मान इतक्या जोरात झटकली की माझ्या खांद्याला बसली. तोंडात फेस आला. मी कडी काढली, ओल्या फडक्यानं तोंड आतून पुसलं, तिच्या मानेला धरून उभी राहिले. तिनं मला क्षमा केली की नाही माहीत नाही. मला मात्र फार वाईट वाटलं.

आता सांगायचं कुणाला? यांना सांगितलं असतं, तर यांनी मामांना ऐकवलं असतं, की बघा, तुमच्या देवधर्मानं मला तेरला पाडलं. मामांना सांगायचं तर काय सांगायचं? की तुम्ही जे डोळे मिटून करता त्यानं तिचं तोंड भाजतं? घरी हळद दळून द्यावी म्हटलं, पण फुटलेल्या ओठात हळददेखील चुरचुरतेच. शिवाय मामांनी विचारलं असतं, पाकिटातला का नको? ते मला खोटं ठरवतील अशी भीती नव्हती. ते मला खरं ठरवतील, याची होती. तसं झालं तर ते घोडीला पुन्हा हात लावणार नाहीत, हे मला कळत होतं. त्या माणसाकडं हात लावायला तेवढंच उरलं होतं.

मी काहीच बोलले नाही. रोज घोडीच्या ओठांना तूप लावलं. लोखंड तिच्या तोंडापासून लांब ठेवलं, मोरकीवरच फिरवलं. तारेची कडी मी कोठीच्या मागं टाकली आणि हरवली म्हणून सांगितलं. वाशीसाठी सांध्याची कडी काढली. जाड, गुळगुळीत, सांधा घासून मऊ झालेला. यांचा हात हलका आहे, त्याला हीच चालेल, हे मी पहिल्यांदाच ओळखायला हवं होतं, पण तेव्हा सगळ्यांचं ऐकत बसले. ओठाच्या चिरा भरून आल्यावर ती एकदोनदा घालून बघितली. घोडी चघळत उभी राहिली.

घोडामैदान जवळ आलं. प्रदर्शनाच्या सकाळी मामा आंघोळीला गेले, तेव्हा मी खुंटीवरची त्यांची भंडाऱ्याची पिशवी घेतली. आतला भंडारा देव्हाऱ्यातल्या वाटीत काढून ठेवला, उकिरड्यावर टाकायला हात झाला नाही. पिशवीत हरभऱ्याच्या डाळीचं पीठ भरलं आणि रंगाला कणभर घरची हळद. हरभरा घोडीच्या जिवाचा. पिशवीची गाठ मामा मारतात तशीच मारली, डावीकडून.

वाशीच्या मैदानात धूळ होती, ऊन होतं आणि लाऊडस्पीकर होता. वरातीवाला आधीच येऊन उभा होता. त्यानं मला लांबूनच नमस्कार केला. यांनी जीन आवळलं. यांचा चेहरा उतरलेला होता. मनगटाला अजून पट्टी होती. मी लगाम हातात धरून उभी राहिले आणि मामांनी कमरेची पिशवी सोडली.

घोडीच्या कपाळाला त्यांनी चिमूट लावली. माझ्या हातातली कडी घेतली आणि डोळे मिटून या टोकापासून त्या टोकापर्यंत चोळली. घोडीनं नाक पुढं केलं. मग त्यांनी उरलेली चिमूट जिभेवर ठेवली.

हे माझ्या डोक्यातून पार निसटलं होतं. जगाचं दूध नखावर तपासणारी मी, आणि तिसरी चिमूट विसरले.

मामांचं तोंड हलायचं थांबलं. त्यांनी डोळे उघडले. पिशवीत बघितलं नाही, कडीकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. सगळ्या मैदानात, सुनेनं देवाच्या पिशवीत पीठ भरलं, एवढं एक वाक्य त्यांनी उच्चारलं असतं, तर मला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. घोडी तेवढ्यात मान लांब करून त्यांच्या हातातली कडी चाटायला लागली. लप लप आवाज करत, शेपूट हलवत. मामा तिच्याकडं बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा एक जनावर त्यांच्या हातातलं लोखंड मागून घेत होतं.

त्यांनी पिशवीत पुन्हा हात घातला, आणखी एक चिमूट घेतली, कडीला लावली आणि कडी तिच्या तोंडात सरकवली.

हे बसले. घोडी चालली. हातात पेला नव्हता, पण असता तर सांडला नसता. लाऊडस्पीकरखालून गेली, वळली, परत आली. बक्षीस मिळालं नाही, परीक्षकांना दुसऱ्या घोडीचे कान जास्त आवडले. यांच्या ते ध्यानातही आलं नाही. उतरल्यावर त्यांनी घोडीच्या मानेवर थाप मारली आणि मला म्हणाले, "कडी बरोबर निघाली बघ." मी म्हटलं, "व्हय." वरातीवाला दुसऱ्या कुणाच्या तरी घोडीला गूळ देत होता. त्याच्यावरचा माझा संशय अजून गेलेला नाही.

घरी आल्यावर मी घोडीला पाणी दाखवत होते, तेव्हा ते गोठ्यात आले आणि खुंट्याला टेकून उभे राहिले.

"पीठ भाजून घ्यायचं व्हतं वाईच," ते म्हणाले. "कच्चं लागतंय."

मी मान वर केली नाही. माझ्या डोळ्यांतलं पाणी घोडीच्या बादलीत पडलं.

मग त्यांनी घोडीच्या ओठाचा कोपरा अंगठ्यानं वर केला आणि आतली भरून आलेली चीर बघितली. तिच्यावरून अंगठा फिरवला.

"लई झोंबत असंल का गं तिला?" त्यांनी विचारलं. "म्याच लावत हुतो. ह्याच हातानं."

"न्हाय मामा," मी म्हटलं. "थोडंच. जनावराला तेवढं कळत न्हाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी रतीबवाल्याच्या भांड्याकडं बघते, अगदी तसं. मग मान हलवली आणि हात धुवायला गेले. फार वेळ धूत होते.

आता प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मामा पिशवी रिकामी करतात, उलटी करून झटकतात, चुलीपाशी आणून ठेवतात आणि बाहेर जाऊन बसतात. मी पीठ भाजून घेते.